मेरुरज्जूची जखम: पुण्याच्या झेब्राफिश संशोधनातून काय कळले, रुग्णाला आज काय मिळते

बऱ्हाणपूर : माणसाचा मेरुरज्जू तुटला तर तो पुन्हा जुळत नाही. झेब्राफिश नावाच्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या माशाचा जुळतो. सहा ते आठ आठवड्यांत तो मासा पुन्हा पोहायलाही लागतो. हे नेमके कशामुळे होते याचा एक मोठा धागा २०१६ मध्ये हाती आला. त्या संशोधनात वाटा असलेले डॉ. चिन्मय पात्रा यांची प्रयोगशाळा पुण्यात, आघारकर संशोधन संस्थेत आहे.

बऱ्हाणपूर, रावेर, मुक्ताईनगर, खंडवा या पट्ट्यातले मणक्याचे रुग्ण जळगाव, इंदूर, नाहीतर थेट पुण्या-मुंबईला नेले जातात. अशा घरांत एकच प्रश्न असतो, नस पुन्हा जुळेल का? त्याचे उत्तर शोधताना संशोधनाची अर्धी बातमी मोबाइलवर येते आणि पाठोपाठ कुठल्यातरी इंजेक्शनची जाहिरातही येते. दोन्हींत फार अंतर आहे. ते अंतर कळले नाही तर शेत विकले जाते.

मणका वेगळा, गादी वेगळी, रज्जू वेगळा

'मणका गेला' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात. मणका म्हणजे हाड. दोन मणक्यांच्या मध्ये असते ती गादी. 'गादी सरकली' म्हणतात ती हीच. आणि मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून कमरेपर्यंत खाली येणारी मऊ दोरी म्हणजे मेरुरज्जू. मोठ्या माणसात ती साधारण ४५ सेंटीमीटर लांब आणि करंगळीएवढी जाड असते. तिच्यातून नसांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात आणि हातपाय, छाती, पोट, लघवीची पिशवी अशा सगळीकडे जातात.

हाड मोडले तर जुळते. गादी सरकलेली बहुतेक माणसे औषध, व्यायाम आणि थोड्या धीराने बरी होतात. रज्जूला मार बसला की गोष्ट वेगळी होते. मार मानेत असेल तर चारही हातपाय जातात, छाती-कमरेच्या पातळीवर असेल तर पाय जातात, आणि लघवी-संडासवरचा ताबा बहुधा दोन्हींत जातो.

आपल्याकडे याला 'लकवा'च म्हणतात. पण मेंदूतली रक्तवाहिनी बंद पडून किंवा फुटून एक बाजू लुळी पडते तो लकवा निराळा, आणि रज्जूच्या जखमेचा निराळा. एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. 'अमक्याचा लकवा तमक्या ठिकाणी बरा झाला' हे ऐकून निघण्याआधी तो कोणता लकवा होता हे विचारलेले बरे.

डॉक्टरांना विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न आणखी एक आहे: जखम पूर्ण आहे की अपूर्ण? सगळ्यात खालच्या नसांपर्यंत, म्हणजे गुदद्वाराजवळ, थोडीशी जरी जाणीव किंवा हालचाल शिल्लक असेल तर जखम अपूर्ण धरतात. अपूर्ण जखमेत पहिल्या काही महिन्यांत बरेच काही परत येऊ शकते. म्हणूनच कोणी 'आमच्या उपचाराने पाय हलला' म्हणाला तर तो पाय उपचाराने हलला की तसाही हलणार होता, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही.

माणसाची नस अडते कुठे

हाताची नस कापली आणि डॉक्टरने टोके नीट जुळवून शिवली तर ती वाढते. वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर. गती गोगलगायीची, पण वाढते. रज्जूतल्या नसा मात्र वाढायला सुरुवात करतात आणि थांबतात. स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काखाल यांनी शंभर वर्षांपूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली हे बारकाईने पाहून ठेवले. मेंदू आणि रज्जूच्या नसांना मुळात वाढताच येत नाही, अशी समजूत पुढे कित्येक वर्षे राहिली.

ती मोडली कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये. अल्बर्ट अग्वायो यांच्या गटाने १९८०च्या सुमारास उंदरांच्या पायातल्या नसेचा तुकडा घेऊन रज्जूत बसवला. ज्या नसा रज्जूत वाढत नव्हत्या त्याच त्या तुकड्यात शिरून वाढल्या. वाढायची ताकद नसेत थोडीफार होती, आजूबाजूची जागाच तिला अडवत होती.

अडवणारे कोण, याचा शोध मग झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी घेतला. रज्जूतल्या नसांवर जे चरबीयुक्त आवरण असते त्यातच वाढ रोखणारी प्रथिने निघाली. त्यातल्या मुख्य प्रथिनाला 'नोगो' नाव पडले. इंग्रजीत त्याचा अर्थ 'पुढे जायचे नाही' असाच होतो. शिवाय जखमेच्या जागी आधारपेशींचा व्रण तयार होतो. हा व्रण जखम पसरू देत नाही, म्हणजे कामाचाही आहे, पण नसांना तिथून पलीकडे जायला तो भिंतीसारखा आडवा येतो. आणि तिसरे कारण नसेतच आहे: वय वाढते तशी तिची वाढायची क्षमता मंदावते. ही तिन्ही कारणे एकत्र असल्यामुळे एक अडथळा काढून भागत नाही.

मासा काय करतो

झेब्राफिश मूळचा आपल्याच उपखंडातला. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या पुस्तकात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याची नोंद केली. अंगावर निळे-पांढरे पट्टे, घरातल्या काचेच्या टाकीत पाळतात तोच. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोडीदार जनुक सापडते, म्हणून जगभर प्रयोगशाळांत तो ठेवतात.

या माशाचा रज्जू आरपार कापला तरी जखमेत आपल्यासारखा अडवणारा व्रण तयार होत नाही. उलट दोन्ही टोकांकडच्या आधारपेशी लांब होत होत मधल्या फटीत सरकतात आणि पूल बांधतात. नसा त्या पुलाच्या बाजूने पलीकडे जातात.

या पेशींना पूल बांधायला कोण सांगते? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात केनेथ पॉस यांच्या प्रयोगशाळेत मायसा मोकाल्लेड यांनी जखमेनंतर माशात कोणती जनुके जागी होतात ते तपासले. त्यातून 'सीटीजीएफए' नावाचे जनुक पुढे आले. पूल बांधणाऱ्या पेशींत तेच जोरात चालू होते. ज्या माशांत हे जनुक बिघडवले त्यांचा पूल नीट झाला नाही आणि रज्जूही नीट जुळला नाही. ज्यांना हे प्रथिन जास्त मिळाले त्यांचा पूल लवकर झाला आणि पोहणेही लवकर सुधारले. माणसाचे तेच प्रथिन जखमेवर दिले तरीही माशात परिणाम दिसला. ४ नोव्हेंबर २०१६ च्या 'सायन्स' नियतकालिकात हा शोधनिबंध आला. लेखकांच्या यादीत दुसरे नाव चिन्मय पात्रा यांचे आहे. जर्मनीत बाड नाउहाइम गावी मॅक्स प्लँक संस्थेत असलेले दिदिए स्टेनिए हेही लेखकांत आहेत.

पुण्यात पुढे काय झाले

आघारकर संस्था या भागातल्या शेतकऱ्याला नावाने माहीत नसेल, पण 'मॅक्स' अक्षरांनी सुरू होणारे गव्हाचे आणि सोयाबीनचे वाण कानावर आलेले असतात. ते याच संस्थेचे. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून ती सुरू झाली, तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजे मॅक्स. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर हे तिचे संस्थापक संचालक. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचे नाव दिले. गंमत अशी की संस्था ज्या रस्त्यावर आहे तो गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा. आघारकर आणि आगरकर यांची गल्लत पुण्यातही होते. आज ही संस्था केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखाली चालते.

पात्रा हे मेंदूचे डॉक्टर नाहीत. ते विकास-जीवशास्त्राचे अभ्यासक आहेत: अवयव घडतो कसा आणि मोडल्यावर पुन्हा घडतो कसा, हा त्यांचा विषय. त्यांच्या गटाने त्याच प्रथिनाचा माग सोडला नाही. आता त्याला सीसीएन२ए म्हणतात. २०२१ मध्ये 'डेव्हलपमेंट' नियतकालिकात त्यांनी दाखवले की जखमी झालेले माशाचे हृदय पुन्हा भरून येते त्यातही हेच प्रथिन मदत करते. मग जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने पुढचे काम जाहीर केले: म्हाताऱ्या माशांच्या मणक्यांमधल्या झिजलेल्या गादीत हे प्रथिन पेशी वाढवते, त्यांना जगवते, आणि गादी पुन्हा भरून येते.

इथे सावध राहायला हवे. २०१६ चे काम रज्जूचे, २०२३ चे काम गादीचे, आणि दोन्ही माशातले. 'पुण्यात मणक्यावर औषध सापडले' असे वाक्य यातून निघत नाही. उलट एक अडचण मोठी आहे. माणसात हेच प्रथिन फुप्फुसात, यकृतात तंतू वाढवून अवयव कडक करणाऱ्या आजारांशी जोडलेले आहे. त्याला रोखणाऱ्या औषधाच्या चाचण्या झालेल्या आहेत. जे माशात पूल बांधते ते माणसात व्रणाला हातभार लावते. ते कुठल्या पेशीला, किती आणि कधी द्यायचे, यावर सगळे अवलंबून आहे. अशा गोष्टी पाच-दहा वर्षांत सुटतीलच असे कोणी सांगत असेल तर त्याला कशावरून म्हणून विचारावे.

देशात या विषयावर आणखीही काम चालते. पुण्याच्याच आयसरमध्ये अर्णब घोष यांचा गट वाढत्या नसेचे टोक रस्ता कसा शोधते ते पाहतो. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिंद्य घोष-रॉय यांच्या गटाने २०२१ मध्ये एका मिलिमीटरच्या कृमीवर प्रयोग केला. नस कापलेल्या कृमीला पोहण्याचा व्यायाम दिला तर नस जास्त चांगली वाढली आणि कामही सुधारले. कृमी म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. तरी फिजिओथेरपीला 'नुसते हातपाय हलवणे' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

माणसांवर कुठवर आले

नोगो प्रथिनाला अडवणारी प्रतिपिंडे मानेला ताजी जखम झालेल्या रुग्णांना देऊन युरोपात मोठी चाचणी झाली. निकाल अलीकडेच आला. ठरवलेल्या मुख्य कसोटीवर औषध आणि खोटे औषध यांत ठोस फरक दिसला नाही. अपूर्ण जखमेच्या रुग्णांत थोडी आशा दिसली, तिची पुन्हा तपासणी लागेल. मूळ शोधापासून इथवर यायला तीन दशकांहून जास्त काळ गेला.

जपानमध्ये केइओ विद्यापीठाने ४ रुग्णांच्या रज्जूत प्रयोगशाळेत तयार केलेल्या मूळ पेशींपासूनच्या चेतापेशी सोडल्या. मार्च २०२५ मध्ये सांगितले गेले की दोघांत सुधारणा झाली, त्यातला एक आधाराशिवाय उभा राहिला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून हे निश्चित यश मानायला संशोधकच तयार नाहीत.

स्वित्झर्लंडमधल्या ग्रेगुआर कुर्तीन यांच्या गटाचा रस्ता वेगळा. त्यांनी नस वाढवायचा नाद न धरता जखमेच्या खाली विजेचे यंत्र बसवले. २०२३ मध्ये मेंदूतल्या यंत्राने दिलेला संदेश थेट खालच्या यंत्राला पोचवून गर्ट-यान ओस्काम या डच रुग्णाला चालवून दाखवले. तुटलेली वायर तशीच ठेवून बाजूने दुसरी टाकण्यासारखा हा प्रकार आहे. आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयात तो इतक्यात येणार नाही.

इंजेक्शन विकणाऱ्याला काय विचारायचे

या सगळ्या बातम्यांचा फायदा घेऊन 'स्टेम सेल'चे इंजेक्शन लाखो रुपयांना विकले जाते. याबाबत देशाची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या दस्तऐवजानुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी मूळ पेशींचे रोपण सोडले तर बाकी सगळा वापर प्रायोगिक आहे. तो फक्त मंजूर चाचणीतच व्हायला हवा. मेरुरज्जूची जखम या 'बाकी'तच येते.

हिशेब साधा आहे. चाचणी खरी असेल तर तिची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियावर असते, नोंदणी क्रमांक असतो, नैतिक समितीची मंजुरी असते, आणि प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. ज्या ठिकाणी प्रयोगही म्हणतात आणि बिलही हातात देतात, तिथे क्रमांक मागावा. तो मिळाला नाही तर परतीची गाडी पकडावी. बरे झालेल्या रुग्णांचे व्हिडिओ क्रमांकाची जागा घेऊ शकत नाहीत.

आज हाती काय आहे

नस जोडणारे औषध नाही म्हणून करण्यासारखे काही नाही, असे मात्र अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी रज्जू तुटलेली बहुतेक माणसे एक-दोन वर्षांत मरत. मरणाचे कारण रज्जू नसे, पाठीवरचे घाव आणि मूत्रपिंडाचा संसर्ग असे. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी १९४४ पासून रुग्णाची कूस वेळेवर बदलणे, लघवीची नीट काळजी, व्यायाम आणि खेळ यांवर भर दिला, आणि माणसे जगू लागली. पॅरालिंपिक तिथूनच उगवले.

मुरलीकांत पेटकर याच वाटेने गेले. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे हे सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. एक गोळी पाठीच्या कण्याजवळ राहूनच गेली. उपचार म्हणून ते पोहायला लागले. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी भारताला पहिले सुवर्ण मिळवून दिले. त्यांची नस जुळली नव्हती.

मुळात जखम वाढू न देणे अपघाताच्या जागेवरच सुरू होते. इंदूर-इच्छापूर रस्त्यावर गाडी उलटली, कोणी माळ्यावरून, झाडावरून, विहिरीत पडला, तर हातापायाला धरून उचलू नये, बसवू नये, पाणी पाजायला मान वर करू नये. मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी ओंडका फिरवावा तसे एकदम वळवावे आणि सपाट फळीवर घ्यावे. फळी नसेल तर घराचे दारही चालते. मानेच्या दोन्ही बाजूंना कपड्याच्या गुंडाळ्या लावाव्यात. १०८ ची गाडी दोन्ही राज्यांत आहे. हाड जागेवरून हलून तुटता तुटता राहिलेला रज्जू कापू शकते, आणि मग अपूर्ण जखम पूर्ण होते.

घरी आणल्यावर पडून असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, रात्रीसुद्धा. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन क्षणभर उठावे. टाचा, माकडहाड, नितंब रोज बघावेत. लाल डाग दिसला आणि दाबून गेला नाही तर त्या जागेवर भार देऊ नये. लघवीची पिशवी दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीने रिकामी करण्याची पद्धत दवाखान्यातच शिकून घ्यावी. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत जखम असलेल्याचे अचानक डोके फुटल्यासारखे दुखू लागले, चेहरा लाल झाला, घाम सुटला तर त्याला लगेच उठवून बसवावे आणि लघवीची नळी मुडपली का ते बघावे. रक्तदाब धोक्याच्या पलीकडे जातो तो बहुधा भरलेल्या पिशवीमुळेच. हे घरच्या माणसाला माहीत नसते आणि जीव जाऊ शकतो.

राज्याची सीमा मधे येते तिथे कागद कामाला येतात. आयुष्मान कार्ड मध्य प्रदेशात काढलेले असले तरी महाराष्ट्रातल्या योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात चालते. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रुग्णालय यादीत आहे का, हे निघण्याआधी फोनवर विचारून घ्यावे. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना मात्र तिथल्या रहिवाशांसाठी आहे. दिव्यांगांचे यूडीआयडी कार्ड देशभर एकच असते. त्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या मंडळासमोर जावे लागते, आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर कायद्यातले आरक्षण आणि बहुतेक योजना लागू होतात. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या रुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे, पण त्यासाठी रेल्वेचे वेगळे कार्ड काढावे लागते. बऱ्हाणपूर स्टेशन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते.